भुताची अट

१९६४ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या टीव्हीवर आठ दिवसांच्या आत तीन अजब बिऱ्हाडं राहायला आली. १७ तारखेला एबीसी वाहिनीवर ‘बिविच्ड’ सुरू झाली. जाहिरात कंपनीत नोकरी करणारा एक साधा माणूस लग्न करतो आणि त्याची देखणी, प्रेमळ बायको चेटकीण निघते. दुसऱ्याच दिवशी त्याच वाहिनीवर ‘द ॲडम्स फॅमिली’ आली. २४ तारखेला सीबीएसवर ‘द मन्स्टर्स’ने दार उघडलं. भुताखेतांची, चेटकिणींची आणि रक्तपिपासूंची ही बिऱ्हाडं त्या देशाने घाबरून नव्हे, तर खळखळून हसत घरात घेतली.

त्या आठवड्यात परभणी जिल्ह्यातल्या वालूरमध्ये टीव्ही नावाची वस्तू कुणाच्या कल्पनेतही नव्हती. अख्ख्या देशात टीव्ही होता तो एकट्या दिल्लीत, १५ सप्टेंबर १९५९ पासून, आणि तोही प्रयोगापुरता. पण भुतांना वालूरमध्ये पडद्याची गरज नव्हती. सेलू तालुक्यातलं हे जुनं गाव. इथल्या बारवेच्या पायऱ्या चक्रासारख्या गोल वळत पाण्यापर्यंत उतरतात. मराठवाड्यात अशा पाण्याच्या काठी सात आसरा असतात, पिंपळावर मुंजा असतो, गावकुसाबाहेर शेंदूर फासलेल्या दगडात वेताळ असतो. यांतल्या प्रत्येकाचा पत्ता ठरलेला आणि प्रत्येकाची अटही ठरलेली. कुठल्या वेळी पाण्यावर जायचं नाही, बाळंतिणीने काय वाहायचं, कुणाच्या हद्दीत मागे वळून बघायचं नाही, हे आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ असायचं.

अद्भुत विनोदी मालिकांचा इतिहास मला या अटीच्या बाजूने सांगावासा वाटतो. या मालिकांचा जीव कॅमेऱ्याच्या करामतीत कधीच नव्हता. अद्भुत माणूस घरात येताना कोणती अट घेऊन येतो आणि घरातली माणसं ती कशी निभावतात, यावर प्रत्येक मालिका तरली किंवा बुडाली.

सुरुवात ‘टॉपर’पासून करावी लागते. थॉर्न स्मिथ या लेखकाची १९२६ ची कादंबरी, तिच्यावर १९३७ साली निघालेला सिनेमा, आणि मग ऑक्टोबर १९५३ मध्ये सीबीएसवर आलेली मालिका. बँकेत काम करणारा कॉस्मो टॉपर नावाचा शिस्तीचा गृहस्थ नवं घर घेतो. त्या घराचे आधीचे मालक जॉर्ज आणि मॅरियन कर्बी हे हिमप्रपातात मेलेले असतात, आणि सोबत त्यांचा दारू पिणारा सेंट बर्नार्ड जातीचा कुत्राही. तिघंही भूत होऊन त्याच घरात राहतात. अट एकच, ते फक्त टॉपरला दिसतात. त्यामुळे टॉपर भुतांशी बोलतो आणि त्याच्या बायकोला वाटतं, नवरा भिंतीशी बोलतोय. सगळा विनोद या फटीतून येतो. मालिकेचे ७८ भाग झाले. पुढे अमेरिकी संगीत रंगभूमीवर मोठं नाव कमावलेल्या स्टीफन साँडहाइमने तरुणपणी यातले काही भाग लिहिले होते.

‘एकालाच दिसणारं’ हे सूत्र टॉपरने पक्कं केलं. १९६१ मध्ये ‘मिस्टर एड’ आली. त्यात बोलका घोडा आहे, पण तो बोलतो फक्त मालक विल्बरशी. बाकी कुणी आलं की तो निव्वळ जनावर. ही मालिका १४३ भाग चालली. १९६३ मध्ये ‘माय फेव्हरिट मार्शियन’ने मंगळावरचा माणूस काका म्हणून घरात ठेवला. त्याचं खरं रूप ठाऊक आहे ते एका तरुण वार्ताहराला.

नेमकी याच वर्षांत ही लाट का उसळली, याला कारणं आहेत. मे १९६१ मध्ये अमेरिकेच्या प्रसारण आयोगाचे अध्यक्ष न्यूटन मिनो यांनी टीव्ही म्हणजे अफाट उजाड माळ आहे, अशा अर्थाचं जाहीर भाषण करून वाहिन्यांना झोडपलं होतं. १९६३ मध्ये बेटी फ्रीडन यांचं, सुखवस्तू घरातल्या गृहिणीची घुसमट मांडणारं पुस्तक गाजत होतं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अध्यक्ष केनेडींची हत्या झाली. घराघरांत जे उघड बोलता येत नव्हतं, ते चेटकिणीच्या तोंडून बोलणं सोपं गेलं. ‘बिविच्ड’मधल्या समँथाला नाक हलवून क्षणात सगळं घर आवरता येतं, पण नवऱ्याची अट अशी, की तिने जादू करायची नाही, चारचौघींसारखं हाताने घर चालवायचं. ती प्रेमापोटी ही अट मान्य करते आणि दर आठवड्याला मोडते. कर्तबगार बाईने आपलं कर्तृत्व लपवून संसार करायचा, ही गोष्ट अमेरिकेतल्या बायकांना लगेच ओळखू आली. एलिझाबेथ माँटगोमेरी यांची ही मालिका आठ वर्षांत २५४ भागांपर्यंत पोचली.

आता ती जादू पडद्यावर कशी व्हायची ते जवळून पाहू. समँथा हात वर करते आणि मेजावरचा कप नाहीसा होतो. चित्रीकरणात दिग्दर्शक ‘थांबा’ म्हणायचा. नट जिथे असतील तिथेच, हात हवेत असेल तर हवेत, मान वळलेली असेल तर वळलेली, तसेच गोठून उभे राहायचे. कामगार पुढे येऊन कप उचलून न्यायचा, मग कॅमेरा पुन्हा चालू. मधला तुकडा काढून टाकला की कप हवेत विरला. एखाद्या दृश्यासाठी अंग अवघडेपर्यंत हात तसाच धरून ठेवावा लागे.

ही करामत मराठी माणसाला परकी नाही. धुंडिराज गोविंद फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी जादूचे प्रयोग करायचे, तेही आपलं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर ‘लंका दहन’, ‘श्रीकृष्ण जन्म’, ‘कालिया मर्दन’ या चित्रपटांत त्यांनी देव प्रकट केले आणि अंतर्धान पावायला लावले, ते याच थांबवलेल्या कॅमेऱ्याच्या जोरावर. फरक एवढाच, की फाळक्यांची जादू बघून प्रेक्षक हात जोडायचे. तीच जादू स्वयंपाकघरात आणून तिच्यावर हसण्याची सोय टीव्हीने केली.

‘बिविच्ड’चं यश पाहून एनबीसीने सप्टेंबर १९६५ मध्ये ‘आय ड्रीम ऑफ जिनी’ आणली. तिचे कर्ते सिडनी शेल्डन, पुढे ज्यांच्या रहस्य कादंबऱ्या जगभर खपल्या. अंतराळवीराला निर्जन बेटावर बाटली सापडते आणि तिच्यातून दोन हजार वर्षांची जिनी बाहेर येते. तो अंतराळ संस्थेत नोकरीला, म्हणजे अद्भुतावर विश्वास ठेवायला बंदी असलेल्या जागी, आणि घरात साक्षात अद्भुत. ही अट जमली आणि मालिका १३९ भाग चालली. त्याच महिन्यात त्याच वाहिनीवर ‘माय मदर द कार’ आली. मेलेली आई १९२८ सालच्या जुन्या मोटारीच्या रूपाने परत येते आणि रेडिओतून फक्त मुलाशी बोलते. ती ३० भागांत गुंडाळावी लागली. अट तिच्यातही होती, पण आई गॅरेजमध्ये आणि संसार घरात. दोघांची गाठच पडेना. भूत घरात राहिलं नाही, की विनोदही राहत नाही.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. मराठीतली पहिली मोठी विनोदी मालिका म्हणून ज्या ‘चिमणराव’चं नाव आजही निघतं, ती १९७९ च्या सुमाराची. चिं. वि. जोशींचं लेखन, दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव, बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ. त्यात भूत नव्हतं, पण मराठी मध्यमवर्गीय घर छोट्या पडद्यावर कसं दिसतं, याचा नकाशा तिथे तयार झाला. भूत आलं ते सिनेमातून. १९८२ च्या ‘एक डाव भुताचा’ची कथा आणि संवाद द. मा. मिरासदारांचे. अकलूजला जन्मलेले, पंढरपूरच्या मातीत वाढलेले मिरासदार शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकरांसोबत गावोगाव कथाकथन करत. खेड्यातला माणूस भुताबद्दल किती गंभीरपणे आणि किती रंगवून बोलतो, हे त्यांनी पारावर बसून ऐकलेलं होतं. त्यांनी खेड्यात बदलून आलेल्या भोळ्या मास्तराच्या गळ्यात शिवकाळातल्या मावळ्याचं भूत बांधलं. मास्तर प्रभावळकर आणि भूत अशोक सराफ. भुताला मुक्ती नाही आणि मास्तराला धीर नाही, म्हणून दोघांनाही एकमेकांची गरज. ही जोडी लक्षात ठेवायला हवी, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीत हेच दोघं पुन्हा पुन्हा भेटतात.

१९८४ नंतर लहान प्रक्षेपकांचं जाळं देशभर पसरलं आणि दूरदर्शन जिल्ह्या-तालुक्यांपर्यंत आलं. १९८५ मध्ये रामानंद सागरांची ‘विक्रम और बेताल’ लागली. अरुण गोविल राजा, ज्येष्ठ नट सज्जन पाठीवरचा बेताल. त्या पोरवयात आम्हाला बेतालाची भीती वाटली ती पहिल्या भागापुरती. पुढे आम्ही त्याचीच वाट बघायचो, कारण राजा गप्प आणि बेताल बोलका. मराठवाड्यातल्या खेड्यांत तेव्हा टीव्ही एखाद्याच वाड्यात असायचा. अँटेना उंच बांबूला बांधलेला; एकजण माळवदावर चढून तो फिरवायचा, दुसरा खाली दारात उभा राहून ‘आल्या, मुंग्या आल्या, अजून डावीकडं’ म्हणून ओरडायचा. वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडायची धावपळ. बेताल झाडाकडे परत उडून जायचा तेव्हा ओसरीवर बसलेल्या सगळ्या बायका एकदम हसायच्या, कारण तो उडणार हे प्रत्येकीला आधीच माहीत असायचं. राजाने तोंड उघडलं की बेताल गेला आणि उत्तर माहीत असून गप्प राहिला तर राजाच्या डोक्याची शंभर शकलं. इतकी घट्ट अट कुठल्याही अमेरिकी मालिकेला सापडली नाही.

आणि ही अट मराठवाड्यातलीच आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला. वेताळाच्या पंचवीस गोष्टी त्यातच येतात. त्यातला राजा उज्जैनचा विक्रमादित्य नाही. सोमदेवाने त्याचं नाव त्रिविक्रमसेन असं दिलंय आणि राजधानी सांगितली आहे गोदावरीच्या तीरावरचं प्रतिष्ठान, म्हणजे आजचं पैठण. सोमदेवाने आपला ग्रंथ ज्या ‘बृहत्कथे’वरून रचला, तिचा कर्ता गुणाढ्य सातवाहन राजाच्या पदरी होता, अशी परंपरा आहे. कथा अशी सांगतात, की गुणाढ्याने सात लाख श्लोक पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने लिहिले. राजाने ते नाकारले. मग तो रानात बसून पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवत अग्नीत टाकत गेला. राजा धावत आला तेव्हा एकच लाख उरले होते. पैठणवरून जाणारी गोदावरी पुढे आमच्याच परभणी जिल्ह्यातून वाहते. ज्या वेताळाला आम्ही बांबूवरच्या अँटेनातून बोलावत होतो, तो आमच्या नदीकाठचा होता, हे तेव्हा शाळेत कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्याला आणखी जवळचा मानला असता.

त्यानंतर दूरदर्शनवर स्वप्नांची मालिका आली. १९८९ च्या ‘मुंगेरीलाल के हसीन सपने’मध्ये रघुवीर यादवांचा कारकून डोळे मिटून पराक्रम करायचा. मराठी सिनेमात १९९३ साली महेश कोठारेंनी ‘झपाटलेला’त गुंडाचा आत्मा बाहुल्यात घातला. रामदास पाध्येंचा बाहुला, लक्ष्मीकांत बेर्डेंचा भाबडा लक्ष्या आणि तात्या विंचू म्हणून पुन्हा प्रभावळकर. १९८२ मध्ये भुताने ज्यांना धरलं, तेच आता दुसऱ्याला धरायला निघाले होते.

मग १९९५ मध्ये झी टीव्हीवर ‘हम पांच’ आली आणि भारतातल्या अद्भुत विनोदी मालिकेला तिचं खरं घर मिळालं. भाषा हिंदी, पण घराचे दोन्ही खांब मराठी. आनंद माथुर म्हणजे अशोक सराफ. तेरा वर्षांपूर्वी मावळ्याचं भूत झालेल्या या नटाला आता घरातली दिवंगत बायको छळणार होती. ती बायको म्हणजे प्रिया तेंडुलकर; विजय तेंडुलकरांची मुलगी आणि १९८५ च्या ‘रजनी’तून देशभर घरोघरी पोचलेली, अन्यायापुढे गप्प न बसणारी बाई.

रचना साधी आहे. आनंदची पहिली बायको वारलेली आहे; तिचा फोटो दिवाणखान्याच्या भिंतीवर. दुसरी बायको बीना आणि दोघींच्या मिळून पाच मुली. घरात गोंधळ उडाला, की आनंद फोटोपुढे जातो आणि फोटो बोलायला लागतो. तो आवाज फक्त आनंदला ऐकू येतो. बीनाला दिसतं ते एवढंच, की नवरा भिंतीशी वाद घालतोय. चौकटीतून बाहेर यायची सोय प्रिया तेंडुलकरांना नव्हती. त्यांच्याकडे होते फक्त चेहरा, भुवया आणि आवाज. आनंद एखादी लबाडी लपवू पाहतो तेव्हा फोटोतल्या नजरेने तो पकडला जातो; पोरींच्या बाजूने आधी टोमणा येतो, मग सल्ला येतो. सराफांची मान अर्धी फोटोकडे आणि अर्धी दाराकडे, बीना आली तर काय करायचं या धाकात. टॉपरपासून चालत आलेलं सूत्र इथे आलं, पण इथे ते परकं राहिलं नाही.

कारण महाराष्ट्रातल्या घरांत मेलेली पहिली बायको खरोखरच संसारात असते. दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात सवतीचा टाक घालायची रीत अनेक घरांत होती: धातूच्या छोट्या पत्र्यावर उमटवलेली तिची आकृती. पितृपक्षात अविधवा नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या सवाष्णीची आठवण वेगळी काढतात, तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात. नवी सून घरात आली की भिंतीवरच्या फोटोच्या पाया पडते, पोरं परीक्षेला निघताना फोटोला नमस्कार करून जातात. बायका फोटो पुसताना त्याच्याशी दोन शब्द बोलतातही. ‘हम पांच’मध्ये फक्त उलट बाजूने उत्तर यायला सुरुवात झाली. म्हणून ती मालिका बघताना आमच्या आयाबायांना भुताची मालिका बघतोय असं वाटलंच नाही. ती त्यांच्या घरातली बाई होती. जिवंत असताना जे तिला बोलता आलं नसतं ते मेल्यावर, चौकटीत बसून, हक्काने बोलत होती. समँथाला नवऱ्यासाठी आपली शक्ती लपवावी लागली; या बाईला लपवायला काहीच उरलं नव्हतं. मालिका चार वर्षं चालली. विद्या बालनने कारकिर्दीच्या आरंभी याच घरात मुलीची भूमिका केली. २००२ मध्ये प्रिया तेंडुलकर गेल्या.

‘हम पांच’ चालू असतानाच्या सुमारास सोनी वाहिनीने ‘आय ड्रीम ऑफ जिनी’ आणि ‘बिविच्ड’ हिंदीत डब करून दाखवल्या. म्हणजे अमेरिकी आजी आपल्या भारतीय नातीच्या नंतर इथे पोचली. २००० मध्ये स्टार प्लसवर ‘सोन परी’ आली. आई गमावलेल्या फ्रूटीच्या हाकेला धावून येणारी परी झाल्या मृणाल कुलकर्णी, ज्यांना मराठी घरांनी ‘स्वामी’तल्या रमाबाई म्हणून किशोरवयातच पाहिलं होतं. सोबत अशोक लोखंडेंचा धांदरट आल्तू. २००३ मध्ये ‘शरारत’ने तीन पिढ्यांच्या जादूगार बायका एका घरात बसवल्या. त्यातली फरीदा जलाल यांची आजी हे त्या मालिकेचं खरं बळ होतं, कारण जादू वारशाने येते आणि तिची शिस्त आजी शिकवते, हे आपल्याला पटकन पटतं. मराठीत झी मराठीने २०१७ मध्ये ‘जागो मोहन प्यारे’ आणि २०१९ मध्ये ‘भागो मोहन प्यारे’ आणली. सरळमार्गी मोहनच्या आयुष्यात आधी अद्भुत शक्तीची भानू आणि मग भूत येतं. अतुल परचुरे यांनी साकारलेल्या मोहनमध्ये ‘एक डाव भुताचा’तल्या मास्तराचं भाबडेपण स्पष्ट दिसतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये परचुरे गेले.

हा सगळा पट समोर ठेवला की एक गोष्ट ठळक होते. ज्या मालिकांनी अद्भुताला करमणुकीची वस्तू केलं त्या विसरल्या गेल्या. ज्यांनी त्याला घरातल्या न बोलता येणाऱ्या गोष्टींचा आवाज केलं त्या टिकल्या. १९६० च्या दशकातल्या गृहिणीची घुसमट, मेलेल्या सवाष्णीचा हक्क, पोरक्या मुलीची आईसाठीची ओढ या गोष्टी सरळ सांगायला गेलं तर रडू येतं किंवा भांडण होतं. भूत मध्ये आलं की त्या हसत सांगता येतात आणि ऐकणारा त्या पूर्ण ऐकून घेतो. एवढं मोठं काम करणाऱ्या प्रकाराला मराठीत अजून हलकं समजलं जातं, लहान मुलांच्या खात्यात टाकलं जातं, हे मला मनापासून खटकतं. मराठी टीव्हीवर आज लिहिणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: परदेशी बाटलीतली परी आता पुरे. गावोगावच्या म्हाताऱ्यांकडे जा. आसरा काय मागतात, मुंजा कशाला भुलतो, सवतीच्या टाकाला कोणत्या दिवशी काय दाखवायचं, हे त्यांना विचारून लिहून घ्या. प्रत्येक उत्तरात एक पक्की अट आहे, आणि प्रत्येक अटीत एका मालिकेपुरता संसार आहे. ही माहिती असणारी पिढी भराभर संपत चालली आहे, म्हणून हे काम याच दहा-वीस वर्षांत व्हायला हवं.